पडद्यावरची वानगी

धान्याच्या व्यापारात आमची चार तपे गेली. या व्यापारात माणूस पहिली गोष्ट शिकतो ती वानगी दाखविण्याची. गिऱ्हाईक गादीवर येऊन बसले, की आम्ही पोत्याला परखी लावतो, मूठभर गहू तळहातावर घेतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरतो. तेवढ्या मुठीत त्याला दाण्याचा आकार, ओल, खडा आणि कीड हे सारे दिसते. त्याचा संशय फिटावा म्हणून कोणी अख्खे पोते त्याच्यापुढे ओतले, तर त्याला काहीच दिसणार नाही; धूळ मात्र नाकातोंडात जाईल. तसेच वानगी पोत्याच्या तोंडाशी मुद्दाम रचलेल्या चांगल्या दाण्यांची असली, तर ती वानगी नव्हे, फसवणूक होय.

आता आमच्या सभांतूनही गादी-तक्क्यांच्या जागी खुर्च्या आल्या आणि भिंतीवर पडदा आला. हिशेब, करार, योजना, जे काही सभासदांपुढे ठेवायचे ते संगणकावर स्लाइडी करून प्रोजेक्टरने पडद्यावर दाखविण्याची रीत पडली. रीत चांगली आहे. पण पडद्यावर काय दाखवावे, किती दाखवावे व कसे दाखवावे याचा विचार आम्ही व्यापारी मंडळी फारसा करीत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्यवाल्याने या विषयावर लेखणी उचलावी याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली, तिची किंमत दुसऱ्यांनी भरली, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले.

आमचे चलथाण सुरतेजवळ, उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. याच मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूंची कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी इकडे उतरली. त्यांत आमचेही एक. गावात साखर कारखाना, शेजारी कडोदरा व पलसाणा येथे कापडाच्या गिरण्या, आणि गिरण्यांतील कामगारांना रोज लागणारा गहू, तांदूळ, तूरडाळ व खानदेशी दादर. धान्य विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची वाण नाही; वाण असते ती माल ठेवण्याच्या कोरड्या जागेची.

२०१८ सालच्या दिवाळीनंतर आम्ही सोळा व्यापाऱ्यांनी मिळून एक मोठे गुदाम भाड्याने घेण्याचे ठरविले. जागा उत्तम होती, जोते उंच होते, मालट्रक थेट दारापर्यंत येत असे. मालकाशी बोलणी करण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली व त्यांत आम्ही होतो. करार आम्ही स्वतः ओळ न् ओळ वाचला होता. पाच वर्षांची मुदत, पहिल्या वर्षी दरमहा साठ हजार रुपये भाडे, पुढे दर वर्षी दहा टक्के वाढ आणि मुदतीपूर्वी कोणी बाहेर पडल्यास त्याचा उरलेला वाटा त्यानेच भरावयाचा, अशा त्यातील मुख्य अटी होत्या. मालकाने काहीही लपविले नव्हते.

सभेत हे मांडण्यासाठी आमच्या पुतण्याने स्लाइडी तयार केल्या. त्याने विचारले, “काका, काय काय घालू?” आम्ही म्हणालो, “सगळे घाल. उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला सांगितले नाही.” त्याने आज्ञा पाळली. चौतीस स्लाइडी झाल्या. गुदामाची छायाचित्रे, मोजमापे, छपराच्या पत्र्याची जाडी, विजेची जोडणी, हमालांची खोली, असे सर्व त्यांत आले. तेविसाव्या स्लाइडीवर “कराराच्या अटी” असा मथळा व त्याखाली बारीक अक्षरांत नऊ ओळी होत्या. भाडेवाढ त्यांतील सातव्या ओळीत होती. पुतण्याने नऊही ओळी भराभर वाचल्या, कोणी काही विचारले नाही, आणि अर्ध्या तासाने सोळाही हात वर झाले.

२०२० साली टाळेबंदी आली. गिरण्या थांबल्या, कामगार आपापल्या गावी गेले, खानावळी बंद पडल्या. माल उठेना, भाडे मात्र कराराप्रमाणे चढत गेले. साठ हजारांचे सहासष्ट, मग बहात्तर हजार सहाशे, मग एकोणऐंशी हजार आठशे साठ, आणि पाचव्या वर्षी सत्त्याऐंशी हजार आठशे शेहेचाळीस रुपये. पाच वर्षांत नुसत्या वाढीपोटी सात लाख पंच्याण्णव हजारांवर रक्कम गेली. सोळांत वाटली तर प्रत्येकी जवळजवळ पन्नास हजार. मोठ्या पेढीला ही रक्कम जड नाही. पण आमच्यांत एक वयोवृद्ध सभासद आहेत. डाळींचा त्यांचा व्यापार लहान. आपला वाटा भरण्यासाठी त्यांनी नातीच्या शिक्षणाकरिता ठेवलेली ठेव मोडली.

हे आम्हास कळले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो. भाडेवाढ सभेत सांगितली होती, हे आम्ही त्यांना जरा ठासूनच म्हटले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “शेठजी, तुम्ही सांगितले असेल. मी मागच्या रांगेत होतो. पडद्यावर मुंग्या दिसत होत्या, अक्षरे नव्हती. विचारायची लाज वाटली. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.”

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो. तरीही आपल्या एका बांधवाने न वाचलेल्या कराराला आपल्यामुळे होकार दिला, ही गोष्ट मनातून जाईना. आम्ही वानगी न दाखविता पोते ओतले होते. त्या वर्षीच्या संवत्सरीस आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि नेहमीच्या उपचाराने नव्हे, तर मनापासून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. ते हसले व म्हणाले, “पुढच्या वेळी अक्षर मोठे काढा म्हणजे झाले.”

तेव्हापासून या विषयाची माहिती मिळेल तेथून आम्ही गोळा करू लागलो. पुतण्या वाचून दाखवी, आम्ही ऐकत असू. त्यातून असे ध्यानात आले, की आमच्यासारखी चूक फार मोठमोठ्या विद्वानांच्या हातूनही झालेली आहे.

अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अंतराळयान १६ जानेवारी २००३ रोजी उडाले. आपल्या कर्नाल गावची कन्या कल्पना चावला त्यात होती. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा विचार केला व आपले निष्कर्ष स्लाइडींवर अधिकाऱ्यांपुढे मांडले. त्यांतील एका स्लाइडीचा मथळा धीर देणारा होता. खाली बारीक अक्षरांत ओळीखाली ओळी होत्या, आणि अगदी तळाशी असे होते की, पूर्वीच्या चाचण्यांतील तुकडा तीन घन इंचांचा होता, तर या वेळचा एक हजार नऊशे वीस घन इंचांचा. म्हणजे सहाशे चाळीस पट मोठा! चाचणीचा आधार येथे लागूच पडत नाही, हे जे सर्वांत महत्त्वाचे, ते सर्वांत शेवटी व सर्वांत लहान अक्षरांत. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले आणि सातही जण प्राणास मुकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडीची स्वतंत्र चर्चा आहे. मांडणीचे जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी तिच्यातील दोष दाखवून दिले होते. अपघाताचे कारण स्लाइड नव्हे; पण प्राणाशी गाठ आहे हे ती वाचणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये, अशी तिची रचना होती. आमच्या तेविसाव्या स्लाइडीची ही थोरली बहीण, असे आम्हास ती हकीकत ऐकताना वाटले.

मग चांगली मांडणी कशी असते? तिचा नमुना आमच्याच सुरत जिल्ह्यात सापडतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये कडोदजवळच्या हरिपुरा गावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. गांधीजींच्या इच्छेवरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाच्या नगरासाठी चित्रफलक तयार केले. येणारी मंडळी बहुतेक खेड्यांतली होती, आणि चित्रे येता-जाता सहज दिसावीत असा हेतू होता. म्हणून एका फलकावर एकच आकृती: कोठे ढोल वाजविणारा, कोठे सुतार, कोठे शिंपी, कोठे दळणकांडण करणारी स्त्री. रेषा ठसठशीत, रंग मोजके, मागची जागा मोकळी. एवढ्या थोर कलावंताला बारीक नक्षी येत नव्हती असे कोण म्हणेल? परंतु बघणारा कोण आहे व कोठून बघणार आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

स्लाइड ही वस्तू मराठी माणसाला नवीन नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पडत व सोबत कथा सांगितली जाई. पटवर्धनांच्या पुत्रांनीही हा उद्योग पुढे चालविला. त्या खेळांत चित्राचे काम चित्र करी आणि सांगण्याचे काम सांगणारा करी. आज संगणकावर ज्या पॉवरपॉइंटने आपली मुले स्लाइडी करतात, ते १९८७ साली बाजारात आले. पण त्याच्या साहाय्याने आपण बहुधा उलटे काम करतो. सर्व मजकूर पडद्यावर लिहितो आणि सभेकडे पाठ करून तो वाचतो. सभासद वाचीत असतात तेव्हा ऐकत नाहीत, ऐकतात तेव्हा वाचीत नाहीत, आणि दोन्ही अर्धवट राहते.

आकड्यांच्या बाबतीत तर एक दाखला खास व्यापाऱ्यांसाठीच आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली आयात-निर्यातीचे आकडे रेषा व स्तंभ काढून दाखविले. आपली युक्ती समजावताना त्याने एका व्यापाऱ्याचीच कल्पना केली. त्याने रोज रात्री दिवसभरात आलेल्या सोन्याच्या नाण्यांची एक चळत रचावी. चळतींची अशी रांग झाली, की कोणता दिवस तेजीचा व कोणता मंदीचा हे वही न उघडता दिसेल. वहीतील आकडा वाचावा लागतो, चळतीची उंची नजरेनेच कळते.

२०२३ च्या अखेरीस आमच्या कराराची मुदत संपली व नव्या करारासाठी सभा बोलवावी लागली. या वेळी पुतण्याने संगणक उघडण्यापूर्वी आम्ही त्याच्या हाती कागद दिला आणि सांगितले, की सभासदांनी सभेत काय ठरवायचे आहे ते एका वाक्यात लिही. ते वाक्य लिहिण्यात आमची एक संध्याकाळ गेली. पण ते हाती आल्यावर चौतिसांपैकी बहुतेक स्लाइडी आपोआप गळाल्या. उरल्या सात. त्या करताना जे नियम आमच्या अनुभवास उतरले, ते बांधवांच्या उपयोगासाठी येथे देतो.

पहिला नियम असा, की एका स्लाइडीवर एकच गोष्ट असावी, आणि मथळा नुसत्या नावाचा नसून पूर्ण वाक्याचा असावा. “भाडे” या मथळ्याने काहीच कळत नाही. “भाडे पाच वर्षांत जवळजवळ दीडपट झाले” असा मथळा असला, म्हणजे डुलकी घेणाराही जागा होतो. ज्या गोष्टीने सभासदाच्या खिशाला सर्वांत मोठी चाट बसणार, तीच सर्वांत आधी व सर्वांत मोठ्या अक्षरांत यावी.

दुसरा नियम अक्षरांचा. संगणकाच्या मोजमापात तीसच्या खाली आम्ही उतरलो नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरे. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. र. कृ. जोशी यांनी रेखिलेले ‘मंगल’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्त’, असे युनिकोड वळण वापरावे. जुन्या पद्धतीच्या वळणात केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. हा प्रसंग आमच्यावर ऐन सभेत येऊन गेला आहे. स्लाइडींची एक पीडीएफ प्रत जवळ असली, तर ही आपत्ती टळते. दिवे चालू असलेल्या खोलीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरेच उत्तम. काही माणसांना लाल व हिरवा यांतील फरक दिसत नाही. म्हणून नफा-तोटा केवळ रंगाने दाखवू नये, शब्दही लिहावा.

तिसरा नियम आकड्यांचा. पडद्यावर ठोकळ आकडा द्यावा, कागदावर पैशांपर्यंत नेमका. “४३,९५,६७२ रुपये” हे पडद्यावर वाचेपर्यंत स्लाइड पुढे सरकते. “पाच वर्षांचे भाडे ४४ लाख” हे लक्षात राहते. पाच वर्षांच्या भाड्याचे पाच स्तंभ काढावे, पण त्यांची उंची शून्यापासून मोजावी. साठ हजार व अठ्ठ्याऐंशी हजार हे स्तंभ पन्नास हजारांपासून उभे केले, तर दुसरा पहिल्याच्या जवळजवळ चौपट दिसतो. आकडे खरे आणि चित्र खोटे! आमच्या धंद्याच्या भाषेत हे मापात पाप होय.

चौथा नियम भाषेचा, आणि तो आमच्या गावी फार महत्त्वाचा आहे. आमच्या सभेत मराठी, गुजराती व मारवाडी बोलणारे एकत्र बसतात. आम्ही प्रथम प्रत्येक ओळ मराठीत व गुजरातीत लिहून पाहिली. पडदा पुन्हा मुंग्यांनी भरला. शेवटी पडद्यावर एक मराठी मथळा, चित्र व सर्वांना वाचता येणारे इंग्रजी अंक एवढेच ठेवले. बोलणे दोन्ही भाषांत केले, आणि कराराच्या अटींचा सविस्तर कागद दोन्ही लिप्यांत छापून सभेपूर्वी चार दिवस घरोघर पाठविला. पोते घरी पाहावे, सभेत वानगी पाहावी.

पाचवा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण. सभेच्या आदल्या दिवशी स्लाइड लावून आपण स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसावे, व आपल्यातील ज्यांची नजर सर्वांत कमी त्यांनाही बसवावे. आम्ही त्या वयोवृद्ध सभासदांनाच विनंती केली. ते मागे बसले, चष्मा पुसला व पहिली स्लाइड मोठ्याने वाचून दाखविली. तिसऱ्या स्लाइडीवर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “हे दिसत नाही.” पुतण्याने तेथल्या तेथे दोन ओळी काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सभेत सात स्लाइडी वीस मिनिटांत झाल्या आणि चर्चा दीड तास चालली. पूर्वीच्या सभेत सारा वेळ स्लाइडींनी खाल्ला होता. या वेळी तो सभासदांना मिळाला. पहिला प्रश्न त्या वृद्ध सभासदांनीच विचारला: “दर वर्षी वाढ कशासाठी? तीन वर्षांनी एकदा का नको?” समितीतील आम्हा तिघांना हे सुचले नव्हते. मालकाशी बोलणी झाली, थोडी ओढाताण झाली, आणि नव्या करारात वाढ तीन वर्षांनी एकदाच अशी अट आली. दोन सभासदांनी त्या सभेत हात वर केला नाही व ते करारातून बाहेर राहिले. याचे आम्हास वाईट वाटले नाही. ज्यांनी हात वर केले त्यांनी समजून केले, आणि ज्यांनी केले नाहीत त्यांनीही समजूनच केले नाहीत.

तरुण बांधवांस एवढीच विनंती, की संगणकात चित्रे फिरविण्याच्या व अक्षरे नाचविण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. त्या शिकाव्यात, पण सभेत आवराव्यात. वडील मंडळींस विनंती अशी, की पडद्यावरचे दिसले नाही तर लाज न धरता तसे म्हणावे. न दिसणे हा आपला दोष नसून दाखविणाऱ्याचा आहे. यंदाच्या वार्षिक सभेतही आमचा पुतण्या हिशेब पडद्यावर मांडणार आहे. मागच्या रांगेतील दोन खुर्च्या त्याने आदल्या दिवसाच्या तपासणीसाठी राखून ठेवल्या असून, त्यांतील एकीवर आम्ही बसणार आहोत. दुसरी कोणासाठी, हे वाचकांस सांगणे नलगे.